शेवंडीसाठी घाट उतरायचा

ताई, सप्रेम नमस्कार. मागच्या वर्षी आम्ही दोघं मुलाकडे बॉस्टनला दोन महिने राहून आलो. तिथून त्याने आम्हाला जवळच्या मेन राज्यात फिरायला नेलं. समुद्रकाठच्या एका साध्याशा हॉटेलात, लाकडी बाकावर बसून यांनी लॉबस्टर खाल्ला. नुसता उकडलेला. बाजूला वाटीत वितळलेलं लोणी आणि लिंबाची फोड, एवढंच. गळ्यात प्लास्टिकचं लाळेरं बांधलं होतं, त्याचा फोटो अजून यांच्या मोबाइलवर आहे. आल्यापासून महिन्यातून एकदा तरी विषय निघतोच. बेळगावात एका हॉटेलात मागवला, तर लाल रश्श्यात बुडून आला. हे काही बोलले नाहीत. रस्सा पोळीला लावून खाल्ला आणि घरी आले. जुलैच्या अखेरीस यांना सत्तर पूर्ण होतात. तेव्हा साधा, चांगला लॉबस्टर खाऊ घालायचा बेत आहे. जाऊबाई म्हणतात, एवढ्या पैशांत घरी चार वेळा मटण होईल. बेळगावात किंवा जवळपास कुठे मिळेल, नावं सांगा. यांना सोमवार, गुरुवार, शनिवार चालत नाही आणि श्रावण कडक असतो.
– एक वाचक, टिळकवाडी

वहिनी,

आधी नको असलेलं उत्तर देते, म्हणजे पुढचं नीट बोलता येईल. जुलैच्या अखेरीस नाही.

आपल्या पश्चिम किनाऱ्यावर, म्हणजे कर्नाटक, गोवा, महाराष्ट्र तिन्हीकडे, १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते. मासळीच्या विणीचा काळ असतो आणि दर्याही खवळलेला असतो. त्या दिवसांत कुठल्या हॉटेलने तुमच्यापुढे लॉबस्टर ठेवला, तर तो कधीचा तरी शीतपेटीतून निघालेला असण्याचीच शक्यता जास्त. ऑगस्ट उजाडला की होड्या निघतील, पण तोवर तुमच्याकडे श्रावण. मग गणपती, मग पितृपक्ष, मग नवरात्र. म्हणजे भाऊबीज झाल्यावर आणि मार्गशीर्ष लागायच्या आत जे काही दिवस मोकळे सापडतात, ते तुमचे. आमच्याकडे वाढदिवस कुणी तिथीने करतं, कुणी तारखेने. तुम्ही या वर्षी भरती-ओहोटीने करा. जुलैत घरी पुरणपोळी करून औक्षण करा आणि खरी मेजवानी नोव्हेंबरात. मंगळवार, बुधवार किंवा शुक्रवार धरा. बुधवार मला जास्त बरा वाटतो, का ते पुढे येईलच.

आता बेळगावचं. हे शहर मला प्रिय आहे, जन्म शहापुरातला, पण आपलं गाव समुद्रसपाटीपासून सुमारे अडीच हजार फूट वर आहे आणि लॉबस्टर हा घाट चढून येण्याचा जिन्नस नाही. बांगडा, सुरमई बर्फावर चांगली टिकते. रात्री बंदरावर उतरलेली मासळी सकाळी कॅम्पातल्या फिश मार्केटात आली, तर दुपारच्या जेवणाला उत्तम लागते, त्याबद्दल माझी तक्रार नाही. लॉबस्टरचं तसं नसतं. त्याच्या डोक्यात यकृतासारखी एक मोठी ग्रंथी असते आणि तिच्यात अन्न पचवणारे रस असतात. जीव गेला की ते रस आवर सोडतात आणि शेपटीतलं मांस आतून पचवायला लागतात. वरून कवच तस्संच ठणठणीत, आत मांसाचा पिठूळ गोळा. म्हणून तो शिजायच्या क्षणापर्यंत जिवंत असावा लागतो, नाहीतर जिवंत असतानाच डोकं वेगळं करून शेपटी गोठवावी लागते. आपल्याकडच्या हॉटेलांत येतात त्या बहुधा अशा गोठवलेल्या शेपट्या. त्या वाईट असतात असं नाही, पण बर्फातून काढताना पाणी सुटतं आणि त्याबरोबर गोडीही जाते. मग आचारी बिचारा काय करणार? लाल रस्सा करतो. तो रस्सा म्हणजे त्या शेपटीची अब्रू झाकायला दिलेलं लुगडं आहे. तुम्ही तिथे ‘मसाला नको, नुसता उकडून द्या’ म्हणालात, तर ते उघडं पडेल, आणि यजमान पुन्हा काही बोलणार नाहीत.

तेव्हा शेवंड घाट चढवू नका. नवऱ्याला घाट उतरवा.

हो, शेवंड. लॉबस्टरला आपल्याकडे शब्द आहे आणि वापरला की बंदरावर भाव जरा माणसासारखा सांगतात, असा माझा अनुभव आहे. माझी आई वेंगुर्ल्याची. तिच्या तोंडी ती ‘शेवंड’, बाईमाणूस. पुस्तकांत ‘शेवंडा’ भेटतो, पुरुष. मी आईचं ऐकते.

यजमानांना मात्र आधीच सांगून ठेवा की आपली शेवंड मेनच्या लॉबस्टरची चुलत बहीण आहे, सख्खी नव्हे. त्यांनी खाल्ला त्याला दोन जाड नांग्या होत्या. त्या अडकित्त्यासारख्या चिमट्याने फोडल्या असतील आणि फोटोत लाळेऱ्यामागे त्याच दिसत असतील. आपल्या शेवंडीला नांग्याच नसतात. तिला असतात दोन लांब, जाड, काटेरी मिशा, आणि पाठीवर काटे. सगळा माल शेपटीत. थंड समुद्रातल्या त्या लॉबस्टरचं मांस मऊ आणि लुसलुशीत, आपल्या गरम पाण्यातल्या शेवंडीचं घट्ट, दाताला लागणारं, पण गोड. हे न सांगता नेलंत तर ताट समोर आल्यावर पहिला प्रश्न ‘नांग्या कुठायत?’ असा येईल आणि सत्तरीच्या मेजवानीत वेटरशी वाद होईल. यावर माझा एक उपाय आहे. शेवंडीबरोबर एक मोठा चिखलातला खेकडा मागवा, तोही नुसता उकडलेला. मालवणकडे कुर्ली म्हणा. नांग्या फोडायची हौस त्यावर भागेल, आणि खरं सांगायचं तर साध्या उकडलेल्या कुर्लीची गोडी शेवंडीपेक्षा कमी नसते, फक्त हात जास्त भरतात.

जायचं कुठे? बेळगावकराला समुद्राकडे उतरायला तीन वाटा आहेत आणि तिन्हींचा स्वभाव निराळा.

पहिली वेंगुर्ला रोड. हिंडलगा, सुळगा करत शिनोळीला महाराष्ट्र लागतो, पुढे चंदगड तालुका, आंबोली घाट, सावंतवाडी. तिथून वेंगुर्ला किंवा कुडाळवरून मालवण. तुमच्या कामाला ही वाट मला सगळ्यांत योग्य वाटते. मालवणात आणि तारकर्लीच्या बाजूला घरगुती राहण्या-जेवणाच्या सोयी आहेत. तिथे स्वयंपाक घरातलीच बाई करते आणि तिला ‘कमी कर’ म्हटलेलं कळतं. हॉटेलातल्या आचाऱ्याला ‘मसाला नको’ म्हटलं की आपण त्याचा अपमान केला असं वाटतं. घरच्या बाईला वाटतं, बरं झालं, खोबऱ्याचं वाटण वाचलं. आदल्या दिवशी फोन करून शेवंड सांगून ठेवायची, जमलं तर संध्याकाळी मालवणच्या किनाऱ्यावर मासळीचा लिलाव बघायचा आणि रात्री जेवायचं. एक मुक्काम होतो, पण सत्तरीच्या माणसाला एका दिवसात आंबोली चढवून-उतरवून दमवण्यापेक्षा ते बरं.

दुसरी वाट चोर्ला घाटाची. जांबोटी, कणकुंबी, चोर्ला, मग केरी, साखळी आणि पणजी. सकाळी साडेसहाला निघालात तर कणकुंबीला चहा होतो. मलप्रभा तिथेच उगम पावते, माउलीचं देऊळ आहे. दर्शन जाताना घ्या. येताना पोटात शेवंड असेल आणि तुमच्या घरी ते चालणार नाही, एवढं मी पत्रावरून ओळखलं. गोव्यात हॉटेलांची कमतरता नाही, अडचण उलटी आहे: फार आहेत. तुम्ही नावं विचारलीत म्हणून सांगते. कळंगुटच्या किनाऱ्याला लागून ‘सौझा लोबो’ आहे, १९३२ पासूनचं. दक्षिणेला बेताळभाटीत ‘मार्टिन्स कॉर्नर’ आणि उतोर्ड्याला समुद्रावर ‘झीबॉप’. तिन्ही ठिकाणं मासळीसाठी नावाजलेली आहेत. पण नाव बघून जाऊ नका, फोन करून जा. नामांकित हॉटेलातही समुद्राने दिली नाही तर शेवंड नसते, आणि नसताना ‘आहे’ म्हणणारा वेटर मला नामांकित हॉटेलांतही भेटलेला आहे. डिसेंबरचा दुसरा पंधरवडा पूर्ण टाळा. गोव्यात तेव्हा पाहुणे इतके असतात की भाव चढतो आणि स्वयंपाकघरात कुणाचंच लक्ष कशातच नसतं. बुधवार एवढ्यासाठीच म्हटलं. शुक्रवारी आपलं निम्मं बेळगाव घाट उतरत असतं.

तिसरी वाट कारवारची, खानापूर-रामनगरकडून. रस्ता लांब आणि जंगलातला, पण ज्यांना गोव्याची गर्दी नको त्यांच्यासाठी चांगली. बैतकोलला मासेमारी बंदर आहे, गावात मासळीचं जेवण उत्तम. कानडी येत नाही म्हणून बिचकू नका, तिथे कोकणी चालते. मी तिकडे शेवंडीसाठी मुद्दाम गेलेले नाही, इसवणासाठी (म्हणजे सुरमईसाठी) गेले आहे, म्हणून जास्त बोलत नाही.

आता खरी गोष्ट. हॉटेल शोधण्यापेक्षा फोनवर काय विचारायचं ते ठरवणं महत्त्वाचं. बहुतेक लोक विचारतात, ‘तुमच्याकडे लॉबस्टर आहे का?’ याचं उत्तर नेहमी ‘हो’ असतं. तुम्ही असं विचारा: ‘आज जिवंत शेवंड आली आहे का, आणि किती वजनाची?’ समोरचा क्षणभर थांबला आणि आत जाऊन विचारून आला, तर माणूस प्रामाणिक आहे. ‘सगळ्या साइजमध्ये आहे मॅडम’ असं ताडकन उत्तर आलं, तर फोन ठेवा. सगळ्या मापांत फक्त गोठवलेला माल असतो. दुसरा प्रश्न: ‘नुसत्या मिठाच्या पाण्यात उकडून किंवा वाफवून द्याल का? लोणी वेगळ्या वाटीत.’ तुम्हाला बटर-गार्लिक, तंदुरी, शेजवान, रेशाद अशी यादी ऐकवली जाईल. ऐकून घ्या, मग तोच प्रश्न पुन्हा विचारा. मालवणात असाल तर ‘मसालो नको, नुसत्या मिठाच्या पाण्यात उकड’ एवढं पुरे. गोव्यात ‘मसालो नाका, मिठाच्या उदकांत उकड.’

उकडण्यावर फारच नाखूश असतील तर मधोमध उभी चिरून, कोळशावर किंवा तव्यावर कवचाच्या बाजूने भाजून, वर फक्त लोणी आणि लिंबू, असं सांगा. तेही साधंच. मात्र ‘बटर-गार्लिक’ या शब्दापासून जरा सावध. आपल्याकडे त्याचा अर्थ बऱ्याच ठिकाणी मैद्याचा पांढरा सॉस, करपवलेला लसूण आणि वर कोथिंबीर असा झाला आहे. आणि ‘थर्मिडोर’ नावाचा प्रकार, म्हणजे मांस काढून, चीज-मोहरीच्या सॉसमध्ये मिसळून पुन्हा कवचात भरून भाजलेला, तो वाईट नसतो. पण ते म्हणजे साखरांब्याला आंबा म्हणण्यासारखं. यजमानांना आंबा हवा आहे.

वजन आणि भाव. मेन्यूकार्डावर लॉबस्टरसमोर आकडा नसतो, ‘ए.पी.एस.’ अशी तीन अक्षरं असतात, म्हणजे मापाप्रमाणे. त्या तीन अक्षरांनी माझा एकदा चांगलाच घात केला आहे. दहा-बारा वर्षांपूर्वी भाचीच्या लग्नाच्या खरेदीनंतर आम्ही पाचजण किनाऱ्यावरच्या एका हॉटेलात शिरलो. नाव सांगत नाही. वेटर बर्फाच्या ताटात मिशाळ, भलीमोठी शेवंड घेऊन आला, आमच्यासमोर फिरवली, भाव सांगितला. आम्हाला वाटलं तेवढ्यात ती आख्खी. जेवून झाल्यावर कळलं, तो भाव १०० ग्रॅमचा होता. शेवंड होती १ किलो ३०० ग्रॅमची. मेहुण्यांनी बिलाकडे असं पाहिलं, जसं काही ते कानडीत लिहिलंय. त्यांना कानडी उत्तम येतं. शेवटी खरेदीतल्या एका पैठणीचे पैसे तिथे गेले आणि भाचीने ते अजून विसरलेलं नाही. वर, ताटात आली ती शेवंड फिरवून दाखवलेलीच होती का, याची मला आजही खात्री नाही. मिशा आखूड वाटल्या.

म्हणून: भाव किलोचा की १०० ग्रॅमचा ते विचारा. समोर काट्यावर ठेवून वजन करायला लावा. करणावळ धरून की वेगळी ते विचारा. बिलावर ५ टक्के जीएसटी येईल, तो धरा, आणि मोठ्या तारांकित हॉटेलात गेलात तर जास्त. हे विचारताना लाजू नका. खडेबाजारात साडी घेताना तुम्ही पदर उलगडून बघताच ना, तसंच.

माप किती? दोघांसाठी ६०० ते ७०० ग्रॅमची एक, आणि ती कुर्ली. कवच, डोकं, पाय सोडून खाण्यासारखं मांस साधारण तिसरा हिस्सा निघतं, म्हणजे दोनशे ग्रॅमच्या आसपास. दिसते तेवढी ती भरत नाही. फार मोठी घेऊ नका. आतपर्यंत शिजेस्तोवर कडेचं मांस रबर होतं. फार लहानही नको. ‘बेबी लॉबस्टर’ नावाने जे पिटुकले विकतात ते मला बघवत नाहीत. मुंबईच्या समुद्रात चपट्या डोक्याचे लॉबस्टर पूर्वी ट्रॉलरच्या जाळ्यांत चांगले लागायचे. १९९० च्या दशकात ते जवळजवळ नाहीसे झाले, लहान आणि अंड्यांवरच्या माद्या सरसकट उचलल्यामुळे. परदेशी पाठवायच्या मालाला सरकारने २००३ मध्ये किमान वजनं ठरवून दिली. चिखलाळ तळावरच्या, आपल्या उत्तरेकडच्या जातीला ३०० ग्रॅम, दक्षिणेकडे जास्त मिळणाऱ्या खडकातल्या जातीला २०० ग्रॅम. आपण परदेशी नाही, पण तेवढं माप आपणही पाळावं. पोटाखाली नारिंगी-तपकिरी दाण्यांचा घोस दिसला तर ती अंड्यांवरची मादी. दुसरी मागा. काही जण त्या अंड्यांसाठीच ती निवडतात, मला ते पटत नाही.

ताट आल्यावर काय बघायचं? रंगावर जाऊ नका. शिजली की जिवंतही लाल होते, मेलेलीही लाल होते. कवचातला तांबडा रंग कच्चेपणी एका प्रथिनाला बांधलेला असतो, उष्णतेने ती गाठ सुटते, एवढंच त्याचं गुपित. शेपटी बघा. पोटाखाली घट्ट वळलेली असेल आणि सरळ करून सोडल्यावर परत वळत असेल, तर ती शिजताना ताजी होती. सैल, लोंबती शेपटी म्हणजे आधीच गेलेली. (मधोमध चिरून भाजलेलीला ही परीक्षा लागू नाही. तिथे काटा लावून बघा, मांस कवचातून एकसंध सुटलं पाहिजे.) मांस पांढरं, चमकदार, रेषा दिसणारं हवं. पिठासारखं विस्कटलं तर परत पाठवा. अमोनियाचा, म्हणजे जुन्या मुतारीसारखा, वास आला तर एक घासही खाऊ नका, कितीही पैसे गेले तरी. चिवट, दोऱ्यासारखं असेल तर माल चांगला होता, आचाऱ्याने मारला. त्याला इलाज नाही, लोणी जास्त मागा. डोक्यातला हिरवट-पिवळा मगज काही जणांना जीव की प्राण असतो. यजमानांनी अमेरिकेत खाल्ला असेल तर ‘डोकं टाकू नका’ असं आधीच सांगा, नाहीतर आत कुणीतरी फेकून देतं.

आता समजा, घाट उतरणं जमलंच नाही. गुडघे, पाहुणे, काहीही. तर कॅम्पातल्या ओळखीच्या मासेवाल्याला चार दिवस आधी सांगून ठेवा की किनाऱ्यावरून येणाऱ्या गाडीतून जिवंत शेवंड आली तरच हवी, नाहीतर नको. ओल्या पोत्यात गुंडाळलेली, थंड ठेवलेली शेवंड काही तास तग धरते. घरी आल्यावर नळाच्या पाण्यात सोडू नका, गोड्या पाण्यात ती मरते. वीस-पंचवीस मिनिटं फ्रीझरमध्ये ठेवा, ती बधिर होते, तिला आणि तुम्हाला दोघींनाही बरं. मोठ्या पातेल्यात लिटरला दोन मोठे चमचे भरून मीठ, समुद्राइतकं खारट, पाणी खळखळ उकळवा, डोक्याकडून सोडा. पाणी पुन्हा उकळल्यापासून अर्ध्या किलोला आठ ते दहा मिनिटं. घड्याळ लावा. माझी आई यात दोन आमसुलं टाकायची. वासासाठी म्हणायची, मला वाटतं सवय म्हणून. काढून पाच मिनिटं ठेवा, उलटी करून पोटाकडून सुरीने चिरा, शेपटीतला काळा दोरा ओढून टाका. बाजूला लोणी वितळवून लिंबू. अमेरिकी फोटोत जे दिसतं ते याहून निराळं काही नसतं. गोठवलेली शेपटी मिळाली तर ती रात्रभर फ्रिजमध्ये सावकाश सुटू द्या आणि उकडण्याऐवजी वाफवा, पाणी कमी लागतं आणि चव थोडी राखली जाते. पण तिला मी साठ टक्के म्हणेन.

तब्येतीचं एका दमात. यजमानांना कोळंबीने कधी खाज, सूज आली असेल तर शेवंड अजिबात नको. युरिक अॅसिड वाढतं, बोटाचा सांधा धरतो अशी तक्रार असेल, तर डॉक्टरांना विचारून. कोलेस्टेरॉलसाठी शेवंडीपेक्षा त्या लोण्याच्या वाटीकडे लक्ष ठेवा.

जाऊबाईंचं गणित बरोबर आहे, तेवढ्या पैशांत चार वेळा मटण होतं. आणि आपल्याकडच्या मटणाबद्दल कुणी मला शिकवू नये. पण तुमच्या पत्रात एक वाक्य आहे, ‘रस्सा पोळीला लावून खाल्ला आणि घरी आले.’ त्या वाक्यासाठी मी पैसे खर्च करीन. जाऊबाईंना बरोबर न्या, हवं तर. त्यांना तिथे सुरमई सांगा, थाळी सांगा. कुर्लीची एक नांगी त्या नक्की मागतील.

फोन आदल्या दिवशी सकाळी करा, दुपारी नको, दुपारी हॉटेलवाले झोपलेले असतात. निघायच्या दिवशी गाडीत बसण्याआधी पुन्हा एकदा करा. ‘नाही आली’ म्हणाले तर जाणं रद्द करू नका, कुर्ली आणि मोठी कोळंबी उकडून मागा, आणि मुलाला व्हिडिओ कॉल लावा. आणि हो, लाळेरं आपल्याकडे मिळत नाही. घरून एक जुना पंचा न्या, गळ्यात बांधायला.